भाचा म्हणतो अग्निवीर व्हायचंय, अक्का म्हणते तूच समजाव. मी काय समजावू?

वळसंगी_मामा | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. सहा-सात वर्षं इथं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

भाच्याचा बारावी सायन्सचा शेवटचा पेपर गेल्या आठवड्यात झाला. दुसऱ्याच दिवशी दाजींच्या मोबाइलवर ओटीपी आला. दाजी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात माग चालवतात, २६ वर्षं झाली. मागाच्या आवाजात फोन ऐकू येत नाही, पण थरथरला म्हणून बघितला. त्यांना वाटलं बँकेचं फ्रॉड. घाबरून घरी फोन केला, तेव्हा पोरगं कबूल झालं की सैन्यातल्या चार वर्षांच्या अग्निवीर भरतीचा फॉर्म भरत होतो आणि आधारला नंबर पप्पांचा आहे.

म्हणजे आमच्या घरात ही बातमी ओटीपीनं फुटली. दोन दिवस कोणी कोणाशी बोललं नाही. मग अक्कानं मला फोन केला, “तू मामा हायस ना, तूच समजाव त्याला.”

पोराची माहिती: वय १७ वर्षं १० महिने, उंची १६९, दहावीला ७४ टक्के. बारावीत ६० पडतील असं तो म्हणतो, म्हणजे ५५ धरा. व्यसन नाही. आठवीपासून कबड्डी खेळतो. इंजिनिअरिंगचं नाव काढलं की विषय बदलतो. दाजींची इच्छा बीएस्सी करावं, पुढं बघू. अक्काचा प्रश्न एकच आहे, आणि मला त्याचं उत्तर देता आलं नाही: “चार वर्षांनी परत आला तर बाविसाव्या वर्षी त्याच्या हातात काय असणार?”

एक विनंती. ‘देशसेवा आहे, जाऊ द्या’ आणि ‘कंत्राटी काम आहे, नका जाऊ’ हे दोन्ही प्रकारचे प्रतिसाद नातेवाइकांकडून भरपूर मिळालेत. ज्यांनी जवळून बघितलंय त्यांनी लिहा.

---

बाराबंदी | सोमवार, रात्री १०:५५

काय इचारलालाव मामा! सोलापूर म्हंजे १९३० चा मार्शल लॉ बघितलेलं गाव. चार हुतात्मे दिलेत आपण. आन् पोरगं फौजेत जातो म्हणलं तर घरचे ओटीपी देईनात व्हय? द्या की बे ओटीपी.

---

कडक_भाकरी | सोमवार, रात्री ११:१०

बाराबंदी, उदाहरण उलटं बसलंय तुमचं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे हे चौघं सरकारविरुद्ध उभे राहिले म्हणून १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेले. मार्शल लॉ राबवायला शहरात आलं होतं ते लष्करच.

---

बाराबंदी | सोमवार, रात्री ११:१२

बरं बे, उदाहरण मागं घेतलं. ओटीपीचं मागं घेत नाही.

---

हिशोबनीस | मंगळवार, सकाळी ७:२०

मी बँकेत आहे, त्यामुळं मला भावना कमी आणि आकडे जास्त कळतात. अक्कांच्या प्रश्नाचा पैशाचा भाग तेवढा मी सोडवतो.

जून २०२२ मध्ये अग्निवीरांची अग्निपथ योजना जाहीर झाली तेव्हाचं कोष्टक असं: पहिल्या वर्षी महिना ३०,०००, दुसऱ्या वर्षी ३३,०००, तिसऱ्या वर्षी ३६,५००, चौथ्या वर्षी ४०,०००. यातले ३० टक्के सेवा निधीत कापून जातात, म्हणजे हातात पहिल्या वर्षी २१,००० आणि चौथ्या वर्षी २८,०००. चार वर्षांची बेरीज केली तर हातात साधारण ११ लाख ७२ हजार येतात. कापलेले होतात ५ लाख २ हजार, सरकार तेवढेच घालतं, वर व्याज. बाहेर पडताना सुमारे ११ लाख ७१ हजार मिळतील असं तेव्हा सांगितलं होतं, आणि त्यावर प्राप्तिकर नाही. राहणं, खाणं, कपडे वेगळे. अवघड ठिकाणी पोस्टिंग असेल तर त्याचा भत्ता वेगळा.

आता न मिळणाऱ्या गोष्टी. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. चार वर्षांनी बाहेर पडलेल्याला माजी सैनिकाचा दर्जा नाही, त्यामुळं कॅन्टीन नाही आणि माजी सैनिकांची वैद्यकीय योजनाही नाही. विमा आहे ४८ लाखांचा, त्याचा हप्ता पोराला भरावा लागत नाही.

प्रत्येक तुकडीतले २५ टक्क्यांपर्यंत पुढं कायम होतात आणि किमान १५ वर्षं नोकरी करतात. पहिली तुकडी २०२३ च्या जानेवारीच्या सुमारास ट्रेनिंगला गेली, म्हणजे तिची चार वर्षं २०२६ च्या अखेरीस भरतात. त्यामुळं ‘माझ्या ओळखीतल्याला कायम केलं’ असं आत्ता कोणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्याकडून जरा लांब राहा.

माझं मत विचाराल तर पैसा वाईट नाही. होटगी रोडवरच्या शोरूममध्ये बारावी झालेलं पोरगं दहा-बारा हजारांवर दिवसभर उभं असतं, जेवण घरचं. माझी काळजी वेगळी आहे. बाविसाव्या वर्षी खात्यात एकरकमी ११ लाख आणि आजूबाजूला तीन आत्या, दोन काका आणि एक प्लॉटवाला. आमच्या शाखेत मी असे एकरकमी पैसे दिवाळीला येऊन होळीला गेलेले बघितलेत. तेवढ्या पैशाचं काय करायचं ते पोरगं जायच्या आधी ठरवा.

---

वळसंगी_मामा | मंगळवार, सकाळी ८:०५

आत्या तीनच आहेत. तुम्हाला कसं कळलं?

---

निवृत्त_सुभेदार | मंगळवार, दुपारी १:३०

मी मंगळवेढा तालुक्यातला. १९८८ साली भरती झालो, मराठा लाइट इन्फंट्री, सेंटर बेळगाव. २८ वर्षं नोकरी करून पेन्शनवर आलो. आधीच सांगतो, मी आज जे खातो ते तुमच्या भाच्याला मिळेल असं मी म्हणणार नाही. आमची भरती वेगळी होती, यांची वेगळी आहे. पेन्शनवाल्या माणसानं बिनपेन्शनवाल्याला ‘जा रे जा’ म्हणणं सोपं असतं.

पण मैदान तेच आहे, म्हणून मैदानाचं सांगतो.

आमच्या वेळी आधी पळवायचे, लेखी नंतर. २०२३ पासून उलटं आहे. आधी कॉम्प्युटरवर लेखी, त्यात नाव आलं तरच मैदान. जनरल ड्यूटीला, म्हणजे साध्या शिपायाच्या पदाला, ५० प्रश्न, १०० गुण, एक तास. चुकलेल्या प्रश्नाला अर्धा गुण जातो. दहावीच्या गुणांवर जनरल ड्यूटीचा फॉर्म भरता येतो, एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ लागतात. म्हणजे त्याची बारावी अडवत नाही. महाराष्ट्राला जनरल ड्यूटीची उंची १६८. तुमचं पोरगं एका सेंटिमीटरनं आत आहे. पण शाळेत मोजलेली उंची धरू नका. सकाळची आणि संध्याकाळची उंची सारखी भरत नाही. सकाळी अनवाणी, भिंतीला टाच लावून मोजा.

मैदानावर १६०० मीटर. साडेपाच मिनिटांच्या आत आला तर पूर्ण ६० गुण. बीम, म्हणजे पुलअप्स, दहा मारले तर ४०. नऊ फुटी खड्ड्यावरून उडी आणि नागमोडी फळीवरून तोल सांभाळत चालणं फक्त पास व्हायला. हे कागदावर सोपं दिसतं. रॅलीत रात्री बारा-एकला रांग लागते, पोरं रस्त्याकडेला पेपर अंथरून पडलेली असतात, पोटात वडापाव असतो. अंधारात नाव पुकारतात. शंभर-दोनशे पोरं एकदम सुटतात. पहिल्या चकरीत जो सुसाट पळतो तो तिसऱ्या चकरीत चालायला लागतो, आणि वेळ झाली की समोर दोरी आडवी धरतात. दोरीच्या अलीकडे राहिलेली पोरं मी ड्यूटीवर असताना बघितलीत. एक हात अंतर असतं. काही जण दोरी धरून तशीच उभी राहतात.

म्हणून त्याला आत्ताच मातीवर पळायला लावा, डांबरावर नको. नडगी दुखायला लागली तर थांबायचं, गोळी खाऊन पळायचं नाही.

ट्रेनिंगचं सांगायचं तर पहिले दोन महिने पोरगं फोनवर रडेल. रगडा म्हणजे काय हे घरी बसून कळत नाही. पण ट्रेनिंग देणाऱ्या उस्ताद लोकांना पोराची ताकद पोरापेक्षा जास्त कळते. आम्हाला वर्षाला ६० दिवस रजा आणि वर ३० दिवस कॅज्युअल होती. अग्निवीरला वर्षाला ३० दिवस. गड्ड्याची यात्रा आणि दिवाळी दोन्ही मिळणार नाही, हे आईला आत्ताच सांगून ठेवा.

---

मोहोळची_आई | मंगळवार, रात्री ९:१५

सुभेदारसाहेब, ‘फोनवर रडेल’ लिहिलंत. माझा नाही रडला. म्हणून मी रडले.

माझा मुलगा अग्निवीर आहे, कुठे ते लिहीत नाही. ट्रेनिंगला गेला तेव्हा ६१ किलोचा होता, पहिल्या सुट्टीला आला तेव्हा ५८ चा. दारात उभा राहिला तर मी आधी कुरिअरवाला समजले. केस नाहीत, मान ताठ, आणि ‘आई’ म्हणायच्या आधी बूट काढून एका रेषेत ठेवले. ते बूट बघून मला कसंतरीच झालं. या घरात १८ वर्षं चपला कशा पडायच्या ते मला माहीत.

ताई (अक्कांसाठी लिहितेय, मामांनी दाखवा), मी पण खूप भांडले होते. मला आज विचाराल तर पश्चात्ताप नाही, पण मी निश्चिंतही नाही. दोन्ही एकदम असतं. रात्री अनोळखी नंबरवरून फोन आला की पहिली रिंग मी ऐकून घेते, दुसऱ्या रिंगला उचलते. पहिल्या रिंगला उचलायचं धाडस होत नाही.

वरच्या विम्याच्या आकड्याकडे मी अजून नीट बघितलेलं नाही. कागद कपाटात आहे. मिस्टरांनी नॉमिनीत माझं नाव आहे एवढं सांगितलं, मी म्हटलं बास.

बाकी चटणीची काळजी करू नका. शेंगाचटणी दोन किलो नेली होती, पहिल्याच आठवड्यात संपली. त्याच्या खोलीतला हरियाणाचा मुलगा आता मला फोनवर ‘आंटी, वो लाल वाली’ म्हणतो.

---

चेस्ट_नंबर_१४ | मंगळवार, रात्री ११:४०

मामा, एक प्रश्न विचारू? पोरगा १७ वर्षं १० महिन्यांचा आहे आणि धाग्यात एकदाही एनडीए (बारावीनंतर अधिकारी घडवणारी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) हा शब्द आला नाही. का?

सोलापुरात मला हेच दिसतं. फौज म्हटलं की शिपाई. अधिकारी म्हणजे कुणीतरी दुसऱ्याचा मुलगा. मी मुलगी, मराठी माध्यमातली, वडील रिक्षा चालवतात, तरी दोनदा लेखी पास होऊन एकदा एसएसबीला, म्हणजे लेखीनंतरच्या अधिकारी निवडीच्या मुलाखतीला, जाऊन आले. झालं नाही माझं, ते पुढे सांगते.

एनडीएची परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते. वय साडेसोळा ते साडेएकोणीस. हे वय कोर्स सुरू होतानाचं धरतात, त्यामुळे त्याच्याकडे एखादाच प्रयत्न उरलाय. फी १०० रुपये, मुलींना तीही नाही. गणित ३०० गुण, सामान्य क्षमता ६००, त्यात इंग्रजी २००. पेपर इंग्रजी-हिंदीत असतो, मराठीत नाही, हा आपल्याकडच्या मुलांचा खरा अडसर. आर्मीसाठी कुठल्याही शाखेची बारावी चालते. नेव्ही-एअरफोर्सला फिजिक्स-केमिस्ट्री-गणित लागतं, ते त्याच्याकडे आहेच. लागलं तर खडकवासल्याला तीन वर्षं, मग एक वर्ष देहरादून. खर्च सरकारचा, जेएनयूची पदवी, आणि बाहेर पडतो तो लेफ्टनंट म्हणून. चार वर्षं तीच.

मुलींसाठी हे दार २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं उघडायला लावलं. २०२२ मध्ये पहिल्या मुली आत गेल्या, मे २०२५ मध्ये १७ जणी बाहेर पडल्या. ते संचलन मी मोबाइलवर बघितलं, आमच्या गल्लीत सिमेंटच्या पोत्यावर बसून.

आता माझं. भोपाळला एसएसबी. पाच दिवस. पहिल्या दिवशी धूसर चित्र दाखवतात, अर्धा मिनिट. त्यावर गोष्ट लिहायची, मग गटात बसून सांगायची. सांगून झाल्यावर सगळे एकदम बोलायला लागले, नुसता मासळी बाजार. मी गप्प बसले. मला वाटलं इंग्रजी चुकलं तर हसतील. तरी त्यातून पुढे गेले, का ते अजून कळलं नाही. निम्म्याहून जास्त मुली त्याच दुपारी बॅगा घेऊन परतल्या. मानसशास्त्राच्या चाचणीत एकेक शब्द १५ सेकंदांसाठी येतो आणि वाक्य लिहायचं, असे ६० शब्द. मी मराठीत विचार करून इंग्रजीत लिहीत होते, त्यामुळे प्रत्येक तिसरा शब्द सुटत होता. मैदानातल्या टास्कमध्ये मात्र मजा आली. फळी, दोरी आणि ड्रम घेऊन रेषेपलीकडे जायचं. शेतातल्या चारीवर फळी टाकून आम्ही लहानपणी हेच करायचो.

पाचव्या दिवशी नंबर पुकारले. १४ नव्हता. छातीवरची नंबराची बिब परत दिली, पहिल्यांदा गेलेल्याला रेल्वेचं भाडं देतात ते घेतलं आणि स्टेशनवर पोहे खाल्ले.

सांगायचं हे की अग्निवीरचा फॉर्म भरू दे, पण एनडीएचा पण भरायला लावा. एकाची तयारी दुसऱ्याला आड येत नाही.

आणि ज्यांची मुलं आत्ता नववी-दहावीत आहेत त्यांनी छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेची माहिती काढा. राज्य सरकारची, १९७७ पासूनची, अकरावी-बारावीबरोबर एनडीएची तयारी करून घेतात. मुलींसाठी आता नाशिकला आहे. मला हे बारावीनंतर कळलं.

---

सोरेगाव_गट | बुधवार, सकाळी ६:१०

ड्यूटीवरून लिहितोय, थोडक्यात. राज्य राखीव पोलीस बलाचा (एसआरपी) १० नंबरचा गट आपल्या इथेच सोरेगावला आहे, विजापूर रोडवर. पोलीस भरतीला बारावी लागते, उंची १६५, मैदान ५० गुण, लेखी १०० गुण मराठीतून, वय खुल्या गटाला २८ पर्यंत. एसआरपीला ५ किलोमीटर पळायचं. १६०० मीटरची तयारी पोलिसालाही चालते. मी स्वतः सैन्यात दोनदा मेडिकलला पडलो, नंतर इकडं आलो. आता घरी जेवतो.

चार वर्षांनी परत येणाऱ्यांसाठी केंद्रीय दलांमध्ये १० टक्के जागा गृह मंत्रालयानं २०२२ मध्येच जाहीर केल्यात. त्याही अक्कांना सांगा. पण जागा राखीव असणं म्हणजे नोकरी हातात असणं नव्हे. तिथंही पळायचंच असतं.

---

तिऱ्हाईत | बुधवार, सकाळी ११:००

सगळं गोड गोड चाललंय. विसाव्या वर्षी सीमेवर उभं करायचं आणि बाविसाव्या वर्षी घरी पाठवायचं, याला नोकरी म्हणतात का? ज्यांची मुलं परदेशात शिकतात त्यांनी…

*(पुढचा मजकूर संपादक मंडळाने काढला आहे. योजनेवर टीका करायला हरकत नाही, कुणाच्या मुलांवर नको. – मंडळ)*

---

निवृत्त_सुभेदार | बुधवार, दुपारी २:००

तिऱ्हाईत यांचा उरलेला मजकूर बरोबर आहे. घरी पाठवायचं दुःख मला पण आहे. चार वर्षांत माणूस जेमतेम तयार होतो. पण पोराच्या हातात योजना बदलणं नाही, फॉर्म भरणं आहे.

---

कडक_भाकरी | बुधवार, रात्री ८:३०

एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो. माझ्या चुलतभावाची. नाव, गाव, अकॅडमी काही लिहिणार नाही.

तो मैदानात पास झाला होता, मेडिकलमध्ये कानात मळ आणि हाताचा (कोपरातला) कोन म्हणून थांबवलं. फेरतपासणीला मुदत असते, लष्करी दवाखान्यात जायचं असतं. बाहेर गेटवर एक माणूस भेटला. गोड बोलणारा, खाकी पँट, हातात फाइल. म्हणाला, ‘आत आपला माणूस आहे, दीड लाख.’ काकांनी एक म्हैस आणि काकूंच्या पाटल्या विकल्या. भाऊ फेरतपासणीत पास झाला. कारण कानातला मळ कानाच्या डॉक्टरनं अडीचशे रुपयांत काढला होता आणि हाताचा कोन मर्यादेत होता. पण काकांना अजून वाटतं की त्या माणसानंच काम केलं. ‘पैसे लागले पण पोरगं लागलं,’ असं सगळ्या गावाला सांगतात. त्यामुळं गावातली आणखी तीन घरं त्या माणसाकडं गेली. त्या तिघांचं काहीच झालं नाही, आणि फोन बंद.

मामा, कोणीही ‘सेटिंग’ म्हटलं की उठून या. फॉर्म भरायच्या आधी पोराला साध्या डॉक्टरला दाखवा: कान, दात, रंग ओळखणं, गुडघे एकमेकांना लागतात का, तळवा सपाट आहे का. पाचशे-हजारात सगळं कळतं.

आणि टॅटू! त्याच्या अंगावर असेल तर कुठं आहे ते बघा. कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूला किंवा तळहाताच्या मागच्या बाजूला चालतो. माझ्या मित्रानं दंडावर महाराजांची राजमुद्रा काढली होती. सगळ्यात बरोबर पळाला, आणि शर्ट काढल्यावर घरी आला.

---

वळसंगी_मामा | शनिवार, रात्री १०:००

सगळ्यांचे आभार. तीन दिवस काय काय झालं ते सांगतो.

गुरुवारी पहाटे त्याला पार्क मैदानावर नेलं. घड्याळ माझ्या हातात. पहिली चकरी झकास, दुसरी बरी, तिसरीत सुभेदारसाहेब आठवले. ६ मिनिटं ५२ सेकंद. त्याला वाटत होतं तो साडेपाचला येतो. कारण मोबाइलच्या ॲपनं तसं दाखवलं होतं. बराच वेळ बाकावर बसला, पाणी पण मागितलं नाही.

कागदपत्रं काढली तर दहावीच्या प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव ‘मल्लिनाथ’ आणि आधारवर ‘मल्लीनाथ’. इंग्रजीत एकीकडं एक आय, दुसरीकडं डबल ई. अक्का म्हणाली उच्चार तर तोच आहे. सेतूतल्या पोरानं नुसतं हसून टोकन दिलं. डोमिसाइलला अर्ज टाकलाय, आधारची दुरुस्ती टाकलीय. टॅटू नाही, बघितलं.

अक्काला मी मोहोळच्या ताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. बूट एका रेषेत ठेवले तिथपर्यंत आली आणि उठून आत गेली. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत होता. नंतर म्हणाली, “त्या बाईचा नंबर मिळंल का?” ताई, चालणार असेल तर मला खासगी निरोप पाठवा.

खाली जे आहे ते भाच्यानं लिहिलंय. माझ्याच खात्यावरून, मी शुद्धलेखन सोडून काही बदललं नाही.

*मामांनी धागा दाखवला. मी तोच.*

*सगळे चार वर्षांनंतरचं विचारतात. मी सुट्टीत पप्पांच्या कारखान्यात कांड्या भरायला जायचो. पप्पांना डाव्या कानानं जवळजवळ ऐकू येत नाही. घरी टीव्ही एवढा मोठा असतो की मी अभ्यासाला गच्चीवर बसायचो. कारखान्यात कोणालाच नीट ऐकू येत नाही, सगळे खुणांनी बोलतात. बोट वर केलं की चहा, मूठ आवळली की माग बंद. ओटीपी आला तेव्हा पप्पांना तो खणखणता फोन ऐकू आला नाही, खिशात हालला म्हणून कळला. ते मामांनी लिहिलंय, पण का ते नाही लिहिलं.*

*मला देशाबद्दल वाटतं, पण तेवढंच नाही. मला वाटतं बाविसाव्या वर्षी मी परत आलो तरी मागावर जाणार नाही एवढं नक्की. बीएस्सी करून पण ते नक्की नाही, आमच्या गल्लीत दोन बीएस्सी मागावर आहेत.*

*मला एकच भीती आहे. मेडिकलला दोन्ही कान वेगवेगळे तपासतात, सहा मीटरवरून कुजबुजलेलं ऐकू यावं लागतं. मी सुट्ट्यांमध्ये चार वर्षं कारखान्यात गेलोय. मी घरी कोणाला बोललो नव्हतो.*

*चेस्ट नंबर १४ ताई, एनडीएचा फॉर्म भरतो. इंग्रजी वीक आहे.*

---

कडक_भाकरी | शनिवार, रात्री १०:२५

बाळा, सोमवारी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं जा आणि ऑडिओमेट्री करून घे. पैशाचं असेल तर सांग, मी मामांशी बोलतो.

---

चेस्ट_नंबर_१४ | शनिवार, रात्री १०:३०

इंग्रजीचं मी बघते. रोज संध्याकाळी फोनवर अर्धा तास, फक्त इंग्रजीत, दोघांचं चुकलं तरी. मलाही पुढच्या एसएसबीला हवंच आहे. आणि वडिलांना पण घेऊन जा कानाच्या डॉक्टरकडे.

---

वळसंगी_मामा | मंगळवार, रात्री ९:५०

काल दोघांना नेलं. पोराचे दोन्ही कान मर्यादेत. डॉक्टर म्हणाले उन्हाळ्यात कारखान्यात जायचं नाही, गेलास तर कानात बोळे घालून. दाजींचा डावा कान बराच गेलाय, उजवा अर्धा. मशीन सांगितलंय. दाजी म्हणाले, “आता पोरगं जातंय, मशीन घिऊन ऐकू काय?” अक्का म्हणाली, “फोन.”

ओटीपी आज संध्याकाळी दाजींनी स्वतः वाचून दाखवला. फॉर्म भरला. एनडीएचं नोटिफिकेशन आलं की तो पण भरणार, ती अक्काची अट.

उद्या पहाटे साडेपाचला परत पार्क मैदान. दाजी पण येतो म्हणालेत, घड्याळ तेच धरणार. त्याला नवीन बूट घेतलेत, मागच्या वेळचे फाटले होते.

---

निवृत्त_सुभेदार | मंगळवार, रात्री १०:०५

नवीन बूट उद्या पळायला घालू नका. आठ दिवस घरात घालून फिरू द्या, मग मैदान. उद्या जुनेच, दोरीनं बांधून.